जुन्या कॉम्प्युटरांमधले फाइल आणि प्रिंटर शेअरिंग अडले, तर शोध तळापासून घ्या

घरात दोन-तीन कॉम्प्युटर आहेत. एक जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा, एक विंडोज ७ चा, एक अलीकडचा. प्रिंटर एकालाच जोडलेला. परवापर्यंत फायली इकडून तिकडे जात होत्या आणि आज ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा संदेश येतो. अशा वेळी बहुतेक जण दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात. फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, फोल्डर सगळ्यांना खुला, शिवाय रजिस्ट्रीत कुठेतरी वाचलेला एखादा बदल. शेअरिंग कधी सुरू होते, कधी होत नाही. झालेच तर कशामुळे झाले ते कळत नाही, आणि घरातले सगळे नेटवर्क मात्र सताड उघडे राहते.

शेअरिंग थराथरांनी उभे असते. तळाशी केबल किंवा वाय-फाय. त्यावर आयपी पत्ता. त्यावर फायरवॉल. मग दोन्ही कॉम्प्युटरांना कळणारी एसएमबीची, म्हणजे विंडोज कॉम्प्युटर फायली आणि प्रिंटर शेअर करताना ज्या भाषेत बोलतात तिची, आवृत्ती, मग वापरकर्त्याची ओळख, मग फोल्डरची परवानगी आणि सगळ्यात वर प्रिंटरचा ड्रायव्हर. खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर बहुतेक बिघाड पहिल्याच बैठकीत सापडतात.

ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर किंवा प्रिंटर आहे त्याला मी पुढे ‘देणारा’ म्हणेन आणि ज्याला तो वापरायचा आहे त्याला ‘मागणारा’. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा.

दिसणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी

‘नेटवर्क’च्या खिडकीत दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून तासन्‌तास घालवणारे खूप आहेत. ती यादी हा शेअरिंगचा सगळ्यात कमी भरवशाचा भाग आहे. एक्सपीच्या काळात ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम, ती बनवत असे: नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर यादी सांभाळायचा आणि तो बंद झाला की नव्या यादीला बराच वेळ लागायचा. व्हिस्टापासून यादी बनवण्याची पद्धत बदलली आणि नव्या विंडोजमध्ये तिचा भार ‘फंक्शन डिस्कव्हरी’च्या दोन सर्व्हिसेसवर आला. त्यामुळे जुना आणि नवा कॉम्प्युटर शेजारी असले तरी एकमेकांच्या यादीत नसणे अगदी शक्य आहे, आणि तरीही फायली व्यवस्थित जाऊ शकतात.

म्हणून पहिली चाचणी नेहमी पत्त्याने घ्या. देणाऱ्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि आयपी पत्ता टिपून घ्या. समजा तो १९२.१६८.१.१० आहे. मागणाऱ्यावर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘रन’ची चौकट उघडा, दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना जोडून तो पत्ता लिहा: \\१९२.१६८.१.१०. एंटर दाबल्यावर शेअर केलेले फोल्डर दिसले, तर तुमचे शेअरिंग ठणठणीत आहे. बिघाड फक्त नावात किंवा यादीत आहे. त्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढून ठेवा, काम झाले.

पत्त्याने उघडते पण नावाने उघडत नाही, असे असेल तर तीन गोष्टी पाहा. कॉम्प्युटरचे नाव १५ अक्षरांपेक्षा मोठे नसावे, कारण नेटबायोसला, म्हणजे नावाने कॉम्प्युटर शोधण्याच्या जुन्या पद्धतीला, त्यापुढचे पेलत नाही. दोन कॉम्प्युटरांचे नाव एकच नसावे. एका हार्ड डिस्कवरून दुसरीची प्रत केली असेल तर हे हमखास घडते. आणि वर्कग्रुपचे, म्हणजे कॉम्प्युटर ज्या गटात मोडतात त्याचे, नाव सगळीकडे सारखे असावे. एक्सपी होममध्ये ते मुळात ‘एमएसहोम’ असते, तर एक्सपी प्रोफेशनल आणि नंतरच्या विंडोजमध्ये ‘वर्कग्रुप’. नावे वेगळी असली तरी पत्त्याने काम चालते, पण जुन्या यादीत गोंधळ होतो.

नव्या कॉम्प्युटरवर यादी हवीच असेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा.

तळाचा थर: केबल, वाय-फाय आणि पत्ता

पत्त्यानेही काही उघडले नाही, तर खाली उतरा. दोन्ही कॉम्प्युटरांचे आयपी पत्ते शेजारी शेजारी लिहा. घरच्या नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे बहुधा सारखे असतात आणि शेवटचा वेगळा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात एकामागे एक असे दोन राउटर लागलेले असण्याची दाट शक्यता आहे. इंटरनेट दोन्हीकडे नीट चालते म्हणून कुणाला शंका येत नाही, पण शेअरिंगच्या दृष्टीने ती दोन वेगळी नेटवर्क झाली. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न बनवता नुसते वाय-फाय देणारा, लावा किंवा दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर आणा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे. केबल, पोर्ट किंवा वाय-फायचा पासवर्ड तपासा. याला एक अपवाद आहे: मध्ये राउटर नसताना दोन कॉम्प्युटर थेट केबलने जोडले तर दोघांनाही १६९.२५४ चे पत्ते मिळतात आणि तरी शेअरिंग चालते. फक्त जुन्या नेटवर्क कार्डांना अशा थेट जोडणीसाठी क्रॉसओव्हर केबल लागते. गिगाबिट कार्ड साध्या केबलवरही स्वतःच जुळवून घेते.

वाय-फायवर असाल तर राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कला जोडलेले नाही ना, हे बघा. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणे सहसा एकमेकांशी बोलू शकत नाहीत. राउटरमधले ‘एपी आयसोलेशन’ हे वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारे सेटिंग चालू असले तरी तसेच होते. एखाद्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन सुरू असेल तर चाचणीपुरते ते बंद ठेवा.

आता मागणाऱ्यावरून ‘पिंग’ आणि देणाऱ्याचा पत्ता अशी आज्ञा द्या. उत्तर आले, तर तळाचा थर पक्का. नाही आले, तर लगेच केबलला दोष देऊ नका, कारण विंडोजचा फायरवॉल शेअरिंग बंद असताना पिंगलाही उत्तर देत नाही. त्याच खिडकीत लगोलग ‘एआरपी’ आणि पुढे वजा ए ही आज्ञा द्या. यादीत देणाऱ्याचा पत्ता आणि त्यासमोर बारा अक्षर-अंकांचा भौतिक पत्ता दिसत असेल, तर तार आणि कार्ड चालू आहेत, अडवतोय तो फायरवॉल. काहीच दिसत नसेल, तर दोष खरोखर खाली आहे. ही छोटी आज्ञा फार थोडे लोक वापरतात, पण केबल बदलावी की फायरवॉल उघडावा, या प्रश्नाचा निकाल ती अर्ध्या मिनिटात लावते.

फायरवॉल: बंद करू नका, एक दार उघडा

एसएमबी टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. जुनी नेटबायोस पद्धत १३७, १३८ आणि १३९ वापरते. हे क्रमांक हाताने उघडत बसायची गरज नाही. विंडोज फायरवॉलच्या अपवादांच्या यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’वर टिक करा, एवढे पुरते. विंडोज ७ मध्ये नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर ‘होम’ किंवा ‘वर्क’ निवडा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘प्रायव्हेट’. राउटर बदलला की विंडोज त्याला नवे नेटवर्क समजते आणि बरेचदा पब्लिक मानते. ‘काल चालत होते, आज नाही’ यामागे मला हेच कारण सर्वाधिक वेळा दिसले आहे.

जुन्या कॉम्प्युटरांवर बाहेरच्या अँटिव्हायरसचा स्वतःचा फायरवॉल असतो. मुदत संपलेला अँटिव्हायरसही रहदारी अडवत राहू शकतो, आणि अर्धवट काढलेल्याचे अवशेषसुद्धा. तो कंपनीने दिलेल्या अनइन्स्टॉल साधनाने पूर्ण काढा.

नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ या दोन्ही ओळींवर टिक हवी. पहिली मागण्यासाठी, दुसरी देण्यासाठी. देणाऱ्यावर ‘सर्व्हर’ आणि मागणाऱ्यावर ‘वर्कस्टेशन’ नावाची सर्व्हिस चालू असायला हवी.

मग मागणाऱ्यावर ‘नेट व्ह्यू’ आणि पुढे दोन रेघांसह पत्ता अशी आज्ञा द्या. शेअर्सची यादी आली तर उत्तम. एरर आला तरी तो उपयोगाचा असतो. सिस्टिम एरर ५३ म्हणजे मागणी तिथवर पोहोचलीच नाही, फायरवॉलकडे परत जा. एरर ५ म्हणजे पोहोचली पण नाकारली गेली. ओळख आणि परवानगी पाहा. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. १२१९ म्हणजे त्याच देणाऱ्याशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी आहे. ‘नेट यूज’ या आज्ञेने जुन्या जोडण्या पाहून त्या तोडा. ‘प्रवेश नाकारला’ हा संदेश पाहून लोक निराश होतात. माझ्या दृष्टीने ती चांगली बातमी आहे, कारण खालचे सगळे थर चालू असल्याचा तो पुरावा असतो.

एसएमबी १: जुन्या-नव्याचे खरे भांडण

एक्सपीला एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते. व्हिस्टापासून दुसरी आली. २०१७ च्या मे महिन्यात वानाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य कॉम्प्युटरांवर ती बसवलेलीच नव्हती. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मुळात येत नाही. म्हणून एक्सपीचा फोल्डर उघडायला गेले की नवा कॉम्प्युटर सांगतो, हे शेअर सुरक्षित नाही, त्याला कालबाह्य एसएमबी १ लागते.

‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच आहे. तिथे एका नावाखाली तीन वेगळ्या टिका असतात: क्लायंट, सर्व्हर आणि आपोआप काढून टाकणे. तिन्ही सरसकट लावायच्या नाहीत.

क्लायंट म्हणजे मागणारा आणि सर्व्हर म्हणजे देणारा. नव्या कॉम्प्युटरवर सर्व्हरची टिक लावली, की तो स्वतःच जुन्या असुरक्षित भाषेत बाहेरच्या मागण्या ऐकू लागतो. ते टाळता येते. शेअर केलेला फोल्डर एक्सपीवर ठेवा आणि प्रत्येक देवघेव नव्या कॉम्प्युटरसमोर बसून करा. एक्सपीवरून फाइल आणायची असो की एक्सपीवर टाकायची असो, जोडणी सुरू करणारा नवा कॉम्प्युटरच असेल, तर त्याला फक्त क्लायंट पुरतो. ‘आपोआप काढून टाकणे’ या ओळीवर टिक ठेवली, तर एकूण १५ दिवस वापर झाला नाही की विंडोज क्लायंट स्वतःच काढते. कॉम्प्युटर बंद असलेला वेळ त्यात धरत नाही. शेअरिंग चालू होऊन काही आठवड्यांनी गुपचूप बंद पडले तर कारण बहुधा हेच असते. काम एकदाचेच असेल तर ती टिक राहू द्या, ती तुमच्या भल्याचीच आहे.

घरात विंडोज ७ चा कॉम्प्युटर असेल तर याहून चांगला मार्ग आहे. त्याला दोन्ही आवृत्त्या येतात. सामाईक फोल्डर त्याच्यावर ठेवा: एक्सपी त्याच्याशी पहिल्या आवृत्तीत बोलेल, नवा कॉम्प्युटर दुसरीत, आणि नव्यावर एसएमबी १ बसवायची वेळच येणार नाही. त्या कॉम्प्युटरवर मार्च २०१७ ची सुरक्षा दुरुस्ती आहे याची खात्री मात्र आधी करा. तीच दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मे २०१७ मध्ये अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दिली, तीही बसवून घ्या.

एक्सपीचा अधिकृत आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, तेव्हा त्याला इंटरनेटवर ठेवू नका. यासाठी केबल काढायची गरज नाही. एक्सपीच्या टीसीपी-आयपी सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची जागा रिकामी सोडा. मग तो घरातल्या कॉम्प्युटरांशी बोलू शकतो, पण घराबाहेरचा रस्ता त्याला ठाऊक राहत नाही.

विंडोज ७ सोबत आलेली घरातल्या शेअरिंगची सोय, ‘होमग्रुप’, तुम्ही वापरत असाल, तर तो विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीतून, म्हणजे २०१८ पासून, काढून टाकला आहे. तो दुरुस्त करत बसू नका. जुन्या कॉम्प्युटरवर होमग्रुपमधून बाहेर पडा आणि साधे फोल्डर शेअरिंग लावा.

कोण मागतोय: नाव आणि पासवर्ड

पासवर्ड नसलेले खाते नेटवर्कवरून चालत नाही. समोर बसून लॉगिन होते म्हणून ते नेटवर्कवरही होईल असे वाटते, पण विंडोज कोऱ्या पासवर्डच्या खात्याला फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून आत येऊ देते. हा नियम बदलण्यापेक्षा देणाऱ्यावर शेअरिंगसाठी एक वेगळे साधे खाते काढा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि सगळ्या मागणाऱ्यांवरून तेच वापरा. विचारल्यावर नाव लिहिताना आधी देणाऱ्या कॉम्प्युटरचे नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग खात्याचे नाव अशा क्रमाने लिहा. नाहीतर विंडोज ते खाते भलत्याच कॉम्प्युटरवर शोधते.

नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आणि पिनने लॉगिन करत असाल, तर तो पिन नेटवर्कवर चालत नाही. वर सांगितलेले वेगळे खाते इथेही कामाला येते. एकदा चुकीचा पासवर्ड ‘लक्षात ठेवा’ म्हणून साठवला गेला असेल तर विंडोज तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहते; कंट्रोल पॅनलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो पुसा.

एक्सपी होमवर नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण गेस्टच मानला जातो, तुम्ही कोणतेही नाव द्या. एक्सपी प्रोफेशनलवर ‘सिंपल फाइल शेअरिंग’ चालू असेल तर तिथेही तसेच. लॉगिनच्या चौकटीत गेस्ट हे नाव करड्या रंगात आधीच भरलेले आणि बदलता न येणारे दिसले, तर हे लक्षण ओळखा. एक्सपीचा ‘नेटवर्क सेटअप विझार्ड’ एकदा पूर्ण चालवल्यावर गेस्टला नेटवर्कवरून येण्याची मुभा मिळते.

आणि घड्याळ पाहा. जुन्या मदरबोर्डची गोल बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि वेळेतल्या मोठ्या फरकामुळे बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो.

परवानगीची दोन कुलुपे

फोल्डरला शेअरिंगची परवानगी वेगळी आणि डिस्कवरची, म्हणजे सिक्युरिटी टॅबमधली, वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली अधिक कडक लागू होते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ देऊनही लिहिता येत नसेल, तर सिक्युरिटी टॅबमध्ये त्या खात्याला ‘मॉडिफाय’ द्या.

फोल्डर उघडतो पण आतल्या काही ठरावीक फायली उघडत नाहीत, हा प्रकार कोड्यात टाकतो. जुन्या विंडोजमध्ये त्याच डिस्कवरून ‘मूव्ह’ केलेली फाइल आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन येते, तर ‘कॉपी’ केलेली नव्या फोल्डरची परवानगी घेते. अशा फायलींची प्रत काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, उघडतील.

प्रिंटर: सगळ्यात वरचा आणि सगळ्यात हट्टी थर

आधी देणाऱ्यावरूनच टेस्ट पेज छापा. तिथेच अडत असेल तर नेटवर्कचा काही संबंध नाही. रांगेत अडकलेले काम पुसले जात नसेल, तर सर्व्हिसेसमध्ये छपाईची रांग सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२, त्यातल्या स्पूल आणि त्यातल्या प्रिंटर्स या फोल्डरातल्या फायली पुसा आणि स्पूलर पुन्हा चालू करा.

प्रिंटरचे शेअर नाव छोटे, जागा न सोडता ठेवा. मग मागणाऱ्यावरून प्रिंटर जोडताना बहुतेक वेळा ड्रायव्हर आडवा येतो. देणारा ३२ बिटचा आणि मागणारा ६४ बिटचा असेल, तर देणाऱ्याकडचा ड्रायव्हर मागणाऱ्याच्या कामाचा नसतो. शिवाय सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी ‘११बी’ असलेला एरर अनेकांना येऊ लागला. तो घालवण्यासाठी रजिस्ट्रीत बदल करायचा सल्ला मिळेल, पण त्याने अपडेटने दिलेले संरक्षण निघून जाते.

दोन्ही अडचणींवर मी आधी ही पद्धत करून पाहायला सांगतो:

१. मागणाऱ्यावर प्रिंटरचा त्याच्या विंडोजला योग्य असा ड्रायव्हर आधी बसवून घ्या.

२. प्रिंटर जोडताना नेटवर्क प्रिंटर न निवडता ‘लोकल प्रिंटर’ निवडा.

३. पोर्ट विचारल्यावर ‘नवे पोर्ट’ आणि त्यात ‘लोकल पोर्ट’ निवडा.

४. पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा, देणाऱ्याचे नाव किंवा पत्ता, एक रेघ आणि प्रिंटरचे शेअर नाव लिहा.

५. पुढे ड्रायव्हरच्या यादीतून आधी बसवलेला ड्रायव्हर निवडा आणि टेस्ट पेज छापा.

इथे मागणारा स्वतःचाच ड्रायव्हर वापरतो आणि तयार झालेले काम नुसते देणाऱ्याकडे पाठवतो, त्यामुळे ड्रायव्हरची देवघेव होतच नाही. पोर्ट बनवताना प्रवेश नाकारला गेला, तर आधी त्याच देणाऱ्याचा एखादा फोल्डर नाव-पासवर्ड देऊन उघडा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. या पद्धतीत शाईची पातळी किंवा कागद अडकल्याची सूचना मागणाऱ्यावर बहुधा दिसत नाही. ती देणाऱ्यावर पाहावी लागते.

डॉसच्या काळातला हिशेबाचा एखादा प्रोग्रॅम अजून वापरात असेल, तर तो फक्त एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर, छापतो. ‘नेट यूज एलपीटी१’ आणि पुढे प्रिंटरचा नेटवर्क पाथ अशी आज्ञा दिली की त्याचे छापील कागदही शेअर केलेल्या प्रिंटरवर येतात. ‘परसिस्टंट’चा पर्याय ‘येस’ ठेवला तर हे पुढच्या वेळीही टिकते.

जमल्यावर एवढे करून ठेवा

चाचणीसाठी जे उघडले असेल ते बंद करा: थांबवलेला अँटिव्हायरस, ‘एव्हरीवन’ला दिलेली परवानगी, बंद केलेले पासवर्ड-संरक्षण. राउटरमध्ये देणाऱ्याचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलून शॉर्टकट आणि पोर्ट मोडणार नाहीत. देणाऱ्याचा ‘स्लीप’ बंद करा, कारण झोपलेला कॉम्प्युटर ना फाइल देतो ना छापतो.

मग दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, आधी देणारा आणि नंतर मागणारा, आणि एक फाइल उघडून, बदलून, साठवून पाहा. मागणारा आधी सुरू झाला तर जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली दिसते. देणारा सुरू झाल्यावर त्या ड्राइव्हवर डबल क्लिक केले की ती जाते. त्यासाठी पुन्हा काही बदलायला जाऊ नका.